वैशाखात केलेली सही

तो साहेब आता कुठल्यातरी दुसऱ्या माळावर उभा असेल, आणि माझी खात्री आहे, तिथंही तो वैशाखातच गेला असेल. हाताशी माझ्यासारखा कुणीतरी असेल, परमुलखातला, कामाला नवा, हाक मारली की धावणारा. साहेब त्याला विचारेल, "काय दिसतं रे तुला इथं?" त्या माणसानं तोंड उघडण्याआधी माझी गोष्ट त्याच्या कानावर पडावी, एवढ्यासाठी हे लिहितोय. साहेबाला मी माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

मी झाडीपट्टीतला. धानाचा मुलूख. घरामागं तळं, तळ्यामागं मोहाची झाडं, त्यांच्यामागं जंगल. शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा नदीपलीकडं होती आणि घरात हात कमी होते. बरीच वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग एका ठेकेदाराच्या माणसांबरोबर दीड दिवसाचा प्रवास करून नगर जिल्ह्यात आलो, पारनेरच्या बाजूच्या एका पठारावर. तिथं सोलर होणार होतं. काचेच्या प्लेटा बसवायच्या, त्यांच्यासाठी खड्डे खणायचे. शेडवर बोर्ड लागला होता, त्यावर एक मोठं हिरवं पान. आजूबाजूला कोसभर पान नव्हतं, म्हणून मला तो बोर्ड फार आवडायचा.

पहिल्याच महिन्यात साहेब पाहणीला आला. माझ्याच वयाचा, डोक्यावर टोपी, हातात टॅब. मला त्यानं उंच दांडा धरायला घेतलं. दोन दिवस आम्ही तो माळ आडवातिडवा चाललो. वैशाख होता. जमीन भाजलेल्या खापरासारखी, नुसता वारा आणि दगड. मला माझ्या गावानं हिरवं म्हणजे काय ते शिकवून ठेवलेलं. जिथं उभं राहिलं तर सावली मिळत नाही, ती माझ्या लेखी जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या सावलीत बसून साहेबानं विचारलं, "काय दिसतं रे तुला इथं?"

"काहीच नाही साहेब."

"जनावरं चरताना दिसली?"

"नाही."

"कुठं वाट वगैरे?"

मी मान वळवून बघितलं. दगडांमधून गेलेली एक फिकट पट्टी होती, चार हात रुंद असेल, पठार चिरून पलीकडच्या उताराला उतरलेली. पण माझ्याकडं वाट म्हणजे झाडांमधून जाते ती. मोकळ्यावर वाट कशाला लागते? मी म्हणालो, "नाही साहेब."

"शाब्बास. सही येते का?"

सही येत होती. आजवर ती कुणी मागितली नव्हती, अंगठा नाहीतर नुसतं नाव पुरायचं. मी पेन पुसून घेतलं आणि त्यानं पुढं केलेल्या कागदावर हळूहळू सगळी अक्षरं काढली. संध्याकाळी घरी फोन केला.

"सायबानं मले सही मागतली, आई."

"कायची सही?"

"कामाची."

"वाचला काय तू?"

"हाव," मी म्हणालो. खोटं बोललो.

शेकडो माणसं रात्रंदिवस राबली, मृगाआधी खड्डे, प्लेटा, तार सगळं झालं आणि ठेकेदाराची बाकी माणसं परत गेली. मला साहेबानं ठेवून घेतलं. पिवळं हेल्मेट दिलं, शेडमागची खोली दिली, प्लेटा धुवायचं आणि गवत कापायचं काम दिलं. मी रोज मनातल्या मनात त्याचे आभार मानायचो. त्याला चहात साखर किती लागते ते पाठ केलं. गेटचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचो, की एक चूक झाली आणि हा म्हणाला जा, तर दीड दिवसाच्या वाटेनं कुठल्या तोंडानं जायचं?

मृग लागला आणि मावशी आली.

मावशी म्हणजे पठारावरच्या गावची धनगरीण, पन्नाशीतली, कानात जड बुगड्या, हातात काठी, पाठीमागं दीडशे मेंढरं, सामान लादलेलं घोडं आणि दहावी झालेली सून. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन घाटाखाली उतरतात, चारा असेल तिकडं, आणि मृगाला परत पठारावर येतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आम्ही नुकतंच ठोकलेल्या तारेच्या कुंपणाला शंभर-दीडशे मेंढरं येऊन भिडलीत आणि वळत नाहीत. पुढची, पांढऱ्या कपाळाची मेंढी तारेला डोकं लावून नुसती उभी. तिच्या पायाखाली ती फिकट पट्टी होती. तारेच्या ह्या बाजूलाही तीच, प्लेटांच्या खालून गेलेली, पलीकडच्या उतारावरच्या पाझर तलावाकडं.

"कोन रं तू?" मावशी म्हणाली. "हे कुनी ठोकलं?"

"साहेबांना विचारा."

"सायेब कुटं हाय?"

"पुण्याला."

"मंग पुन्याला नेऊ का मेंढरं, पानी पाजाय?"

सून हसली. मी हसलो नाही. मावशीनं मेंढरं वळवली आणि कुंपणाच्या कडेकडेनं नेली. पाण्याला पोचायला पूर्वी अर्धा तास लागायचा. आता पठाराला वळसा, मग ट्रकच्या रस्त्यानं खाली. कोकरं उचलून न्यावी लागायची. पहिल्याच आठवड्यात दोन कोकरं चाकाखाली गेली.

श्रावणात मला कावीळ झाली. शेडवर मी एकटाच होतो. पिवळं हेल्मेट खुंटीला आणि पिवळे डोळे मला. दोन दिवस मी बाहेर दिसलो नाही तेव्हा मावशीनं दाराला काठी मारली.

"मेलास का हाईस?"

त्या दिवसापासून ती तारेवरून डबा द्यायची. ज्वारीची मऊ भाकरी, हुलग्याचं माडगं, कसल्यातरी पाल्याचा कडू रस. मी रस थुंकलो तर शिव्या द्यायची. "तुज्या मुलखात झाडं लई हाईत म्हनं?"

"लई."

"मंग हितं उन्हात कशाला मरायला आलास, झाडीवाल्या?"

तेच माझं नाव पडलं तिथं. पंधरा दिवसांनी मी उठलो. आईला ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं त्या बाईला फोनवरच नमस्कार केला असता.

भाद्रपदात साहेब शेडवर आला तेव्हा मावशी सुनेला घेऊन वाट मागायला आली. चार हात रुंद वाट, पाण्यापर्यंत. तिचं म्हणणं एवढंच होतं. साहेबानं तिला खुर्ची दिली. ती जमिनीवर बसली. मी आत चहा करत होतो.

साहेबानं कागद काढला आणि वाचून दाखवला. पाहणीच्या वेळी जागा पडीक आढळली. चराई नाही. वहिवाटीची वाट नाही.

"कवा बगितलं तुमी?" मावशीनं विचारलं.

"वैशाखात."

"वैशाखात आमी घाटाखाली असतो, सायेब. दिवाळीमागं हितं कोन असतंय? गवत बी नसतंय, आमी बी नसतो. दोगंबी मृगाला येतो."

"मग तेच लिहिलंय मावशी. नव्हतं." साहेब गोड बोलायचा. आवाज कधी चढला नाही त्याचा. "आणि हे मी नाही म्हणत. तुमच्याच गावच्या माणसानं सांगितलंय. ही बघा सही. स्थानिक रहिवासी."

सुनेनं कागद हातात घेतला आणि नाव मोठ्यानं वाचलं.

"ह्या नावाचा आपल्या गावात कोन हाय गं?" मावशी म्हणाली.

सुनेनं कागदावरून मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती. मी कपांचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. मग मावशीनंही बघितलं. चहा न घेता दोघी उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तारेपाशी भाकरी आली. कावीळ बरी होऊन महिना झाला होता, तरी तिनं भाकरी थांबवली नव्हती, त्या दिवशीही थांबवली नाही. सून म्हणाली, "आत्यांनी सांगितलंय, गरम हाय तवर खा."

मी भाकरी हातात धरून तारेपाशीच बसलो. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पठारावरच्या चहाच्या टपरीवर मला अजून 'कुठला रं तू' विचारत होते, सुरुवातीला गावात भाड्यानं खोली मागितली तर 'परका हाय' म्हणून नाही म्हणाले होते. ह्या मुलखात मला इथला म्हटलं एकदाच, एका कागदावर, आणि तेही जी बाई मला जेवू घालत होती तिचं पाणी तोडायला. साहेबाला ठाऊक होतं मी कुठला. दीड दिवसाचा प्रवास करून आलेल्याला त्यानं एका ओळीत गावकरी केलं. आणि मी पेन पुसून सही केली.

साहेबापुढं जाऊन बोलायची छाती मला नव्हती, हे कबूल करतो. ती आजही नाही. पण मी कुणब्याच्या पोटचा, पेरून वाट बघणं मला येतं.

दिवाळी झाल्यावर मावशीचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तळ, घाटाखाली गेला. मी डोंगराच्या उतारावर काही कामाला गेलो होतो, परत आलो तर पँट कुसळांनी भरलेली. खोलीच्या पायरीवर बसून एकेक कुसळ उपटत होतो. सुईसारखं टोक, मागं पिळदार शेपूट, ओढलं की आणखी आत जातं. उपटता उपटता माझे हात थांबले. दुसऱ्या दिवशी खताची रिकामी पोती घेऊन मी त्या उतारावर गेलो आणि पिकलेली कुसळी, त्याच कुसळांचं गवत, ओरबाडून आणली. प्लेटांच्या रांगांखाली ती फेकत गेलो. प्लेटा मीच धुवायचो, पाणी कुठं निथळतं ते मला माहीत होतं. प्लेटेच्या खालच्या कडेला, एका रेषेत. बरोबर तिथं बी टाकलं. प्रत्येक मुठीला साहेबाचं नाव घेतलं. इतका आनंद मला त्या मुलखात आल्यापासून झाला नव्हता. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तेच केलं.

तिसऱ्या पावसाळ्यात पीक आलं. आषाढातच गवत प्लेटांच्या खालच्या कडेला टेकलं. सावली पडली की त्या रांगेतली वीज घटते. ती वीज पठारावरच्या गावाला मिळत नव्हतीच, गावात दुपारची वीज जायची तशी जातच होती. मोठ्या मनोऱ्यांवरून ती घाट ओलांडून कुठल्याशा कारखान्यांना जायची. कमी पडली की तिथून वरच्यांना फोन, वरच्यांचा साहेबाला. साहेब आठवड्याला येऊ लागला. मी चहात त्याच्या आवडीची साखर घालायचो आणि त्याचा पडलेला चेहरा बघायचो.

गवत कापायचं मशीन लावलं. पठारावरचं गवत ते, मुळाशी सगळे दगड. पातं फिरलं की खडा उडायचा आणि काच तडकायची. टच्च. मी तोंड फिरवून उभा राहायचो, हसू दिसू नये म्हणून. मग गावातल्या बायांना खुरपणीला बोलवायला मलाच पाठवलं. एक म्हातारी म्हणाली, "बाजरी सोडून त्या कुसळात येऊ? लुगड्याची चाळन करून घ्यायला? तुज्या सायबाला सांग, तूच ये म्हनावं लुगडं नेसून." मी निरोप जसाच्या तसा सांगितला. लुगड्यासकट.

शेवटी साहेब म्हणाला, "हे असंच वाढलं आणि दिवाळीला वाळलं तर एका ठिणगीत सगळं जाईल. बाहेर काही ठिकाणी म्हणे प्लेटांखाली मेंढ्या चारतात. इथं मेंढ्या मिळतील का रे?"

"मेंढरं आहेत साहेब," मी म्हणालो. "पण कागदावर नाहीत."

त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. वाटलं, गेली खोली, गेलं काम. पण शब्द सुटले होते आणि जिभेवर गूळ ठेवल्यासारखं वाटत होतं.

"जाऊन सांग तिला," तो एवढंच म्हणाला.

मावशीला सांगायला गेलो तेव्हा वैशाखातलं सगळं सांगून टाकलं, दांडा, गाडीची सावली, शाब्बास. ती कोकराच्या पायाला हळद लावत होती. "ते मला तवाच कळलं," ती म्हणाली. "आन हे बग. ज्याच्या रानात मेंढरं घालायची त्यानं सोता यायचं. घोंगड्यावर बसायचं आन मागायचं. गडी धाडायचा न्हाई. पाटील असू दे न्हाईतर कलेक्टर."

तिथली रीतच आहे ती. खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेणारा बागाईतदारही वाड्यावर स्वतः येतो. साहेबाला हे मी सांगितलं तेव्हा तो हसला. तीन दिवसांनी आला. गाडी वाड्यापर्यंत जात नव्हती. गवतातून चालत आला आणि घोंगड्यावर बसून मोज्यातली कुसळं उपटू लागला. मावशी बराच वेळ मेंढरांतच होती. त्याला बसवून ठेवलं तिनं. मी त्यातलं एक मिनिटही विसरलेलो नाही.

"मेंढ्या आत सोडा मावशी," साहेब म्हणाला. "गवत फुकट. तुमचंही भलं, आमचंही."

"वाट पायजे. ह्या तारेपास्नं त्या तारेपत्तूर. दोन्हीकडं फाटक."

"आत आल्या की पाण्याला जातीलच की."

"कागुद पायजे."

"कागद कशाला? माझा शब्द आहे ना."

"तुमी कागदानं बंद केलं. कागदानंच उगडा. आन किल्ली ह्या झाडीवाल्याकडं ऱ्हाईल."

कागद आठ दिवसांनी आला. मृग ते दिवाळी, जुन्या वाटेनं मेंढरांना पाण्यापर्यंत ये-जा. ही वाट आधीपासूनची आहे असंही त्यात लिहिलं होतं, मावशीच्या सुनेनं लिहायला लावलं होतं. साक्षीदार म्हणून खाली माझीच सही. मी कागद घेतला आणि वाचायला बसलो. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, पुन्हा मागं जाऊन. साहेब उन्हात उभा. एकदा म्हणाला, "अरे, किती वेळ?" मी म्हणालो, "सातवी झालीय साहेब, वेळ लागतो." 'स्थानिक रहिवासी' छापलं होतं ते खोडलं. माझ्या गावाचं नाव लिहिलं, तालुका लिहिला, मग सही केली.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती दारोदार सांगत फिरलो असतो.

श्रावणात मेंढरं आत आली. पांढऱ्या कपाळाची मेंढी पुढं. ती एकदाही न अडखळता पट्टीवरून सरळ गेली, जसं काही मध्ये दोन वर्षं तार नव्हतीच. कोवळं गवत त्यांनी चटाचटा खाल्लं. मावशीनं मला ताक पाजलं. महिनाभर मी छाती काढून फिरलो.

भाद्रपद सरता सरता कुसळी निसवली, तिला कुसळांचे तुरे फुटले. एका सकाळी मावशीनं फाटकातून मला हाक मारली. ती मातीत बसली होती आणि पांढऱ्या कपाळाच्या मेंढीचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं. सून नखांनी मेंढीच्या डोळ्यातून काहीतरी काढत होती. लोकरीतही तेच, कातडीत घुसलेलं. जबड्यात, कोकरांच्या पोटाखाली. कोवळी असताना कुसळी मेंढरं खातात, पण निसवली की तीच मेंढरांच्या अंगात शिरते. हे त्या पठारावरचं शेंबडं पोरही सांगेल. मी झाडीतला. माझ्या पँटीला टोचलं तेवढंच मला ठाऊक.

"ह्या पट्ट्यात कुसळी कवाच नव्हती," मावशी म्हणाली. "हितं पवन्याचं गवत हुतं, मारवेल हुतं. कुसळी त्या उताराला. चालत आली व्हय ती?"

मी गप्प राहू शकलो असतो. कुणीही बघितलं नव्हतं.

"मी पेरली."

"कुनासाटी?"

"साहेबाची खोड मोडायला. तुमच्या वाटेसाठी."

"मला इचारलंस?"

मी मेंढीशेजारी मातीत बसलो.

"त्यानं इचारलं न्हाई, तूबी न्हाई," ती म्हणाली. आवाज शांत होता, साहेबाच्या आवाजासारखा नाही, दमलेला. "धर. डोकं धर तिचं, हलू देऊ नको."

तो डोळा गेला. पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसून मेंढरांच्या अंगातली कुसळं काढली. मेंढरं त्या पट्ट्यात चारायची बंद केली, फक्त वाटेनं नेली. वाट कागदावर होती, ती कुणाला काढून घेता आली नाही. घाटाखाली जाताना मावशी घोड्यापाशी थांबून म्हणाली, "मृगाला येते. तवर हितं कुसळी दिसता कामा न्हाई."

निसवलेली कुसळी मी बी झडायच्या आत हातानं उपटली, रांगेमागून रांग. पडलेलं बी झाडूनं गोळा केलं, उन्हाळ्यात पुन्हा केलं. तळहात सुजले. साहेबाला वाटलं, माणूस इमानी आहे. त्याची बदली झाली तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या कंपनीच्या पुस्तकात एक फोटो छापून आलाय. प्लेटांखाली मेंढरं आणि पुढं साहेब, हसरा. खाली लिहिलंय की ही त्याची कल्पना. तो फोटो मी खोलीत लावलाय. राग विझू नये म्हणून काहीतरी समोर लागतं. फक्त आता पेरण्याआधी कुणालातरी विचारतो. म्हणूनच ह्या वेळी पेरलं नाही, लिहिलंय. मावशीच्या सुनेला आधी वाचून दाखवलं.

मृगाला वाडा परत आला. मी पहाटेपासून फाटक उघडून उभा होतो. एका डोळ्याची मेंढी पुढं, तिनं मान जरा तिरकी करून वाट बघितली आणि आत शिरली. बाकीची मागोमाग. मावशी शेवटी आली. माझ्याकडं न बघता रांगांच्या कडेनं चालत राहिली, खाली नजर लावून, काठीनं जमीन उकरत. तलावाकडून मेंढरांचे आवाज येत होते. मधेच ती वाकली. वीतभर कोंब मुळासकट उपटला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"ही एक ऱ्हायली," ती म्हणाली. "चल, आजून लई रांगा हाईत."